‘सोसायटी म्हंजे काय रं?’

स्मरणिकेसाठी लेख द्या म्हणून आपल्या सचिवांनी दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा जिन्यात गाठलं. “सर, तुम्ही इंग्रजी शिकवलंय आयुष्यभर. काहीतरी माहितीपूर्ण लिहा. नुसत्या शुभेच्छा नकोत, शुभेच्छांची पानं भरलीत.” मी हो म्हणालो. विषय मात्र शोधावा लागला नाही. तो पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनीच देऊन ठेवला होता.

2000 साली आपली सोसायटी रजिस्टर झाली आणि मी पहिला हप्ता भरला. आमचं मूळ घर नदीपलीकडं. वडील शेतकरी, चौथीपर्यंत शिकलेले, पण हिशेबाला पक्के. मी पेढे घेऊन गावी गेलो आणि सांगितलं, “आबा, वाडीत सोसायटीत घर घेतलं.” आबांनी पेढा हातातच धरला. तोंडात घातला नाही. म्हणाले, “घर सोसायटीत घातलंस? किती उचललंस?”

मला आधी कळेना. मग उलगडा झाला. आमच्या गावाकडं सोसायटी म्हणजे कर्ज. गावची विकास सेवा सोसायटी पिकाला कर्ज देणार, मार्चअखेर ते भरायचं, भरायला नसेल तर ‘नवं-जुनं’ करायचं, उसाचं बिल आलं की कारखान्यातूनच सोसायटी कापून जाणार. ‘त्याची जमीन सोसायटीत गेली’ याचा अर्थ गावात एकच होतो. आणि मी, मास्तर झालेला मुलगा, पेढे वाटत सांगत होतो की घर सोसायटीत आहे!

मी समजावलं. ही सोसायटी वेगळी, ही घरांची. आबा म्हणाले, “दोन्हीला एकच नाव कसं? सोसायटी म्हंजे काय रं मग?” मी इंग्रजीचा शिक्षक. ‘समाज’ म्हणालो. आबांनी मान हलवली, पण पटलं नसावं. कारण समाज कर्जही देत नाही आणि घरही देत नाही. आबा 2011 मध्ये गेले. त्यांना नीट उत्तर द्यायचं राहिलं ते या निमित्ताने देतो.

सोसायटी हा शब्द मूळचा लॅटिन. ‘सोसियस’ म्हणजे सोबती, साथीदार, बरोबर चालणारा. रोमन लोक आपल्या बाजूने लढणाऱ्या दोस्त राष्ट्रांनाही सोसियस म्हणत आणि धंद्यातल्या भागीदारालाही. सोसियसवरून ‘सोसिएतास’, म्हणजे सोबत किंवा भागीदारी. तिथून तो फ्रेंचमध्ये गेला आणि फ्रेंचमधून सोळाव्या शतकात इंग्रजीत आला. तेव्हा इंग्रजीत त्याचा अर्थ अगदी साधा होता: संगत. ‘मला तुमची सोसायटी आवडते’ म्हणजे तुमच्या सहवासात बरं वाटतं, एवढंच. नोंदणी नाही, पोटनियम नाहीत. एका राज्यातली किंवा देशातली सगळी माणसं हा मोठा अर्थ पुढच्या शतकात रुळला. आणि बड्या घरची, मेजवान्या झोडणारी मंडळी म्हणजे ‘सोसायटी’ हा अर्थ तर एकोणिसाव्या शतकातला. ‘हाय सोसायटी’ म्हणतो आपण ती ही. आपल्या सोसायटीचा तिच्याशी काही संबंध नाही हे आपल्या गेटकडं बघितलं की कळतं.

आता यातली खरी गंमत. सोसियस हा शब्द ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ ‘मागोमाग जाणे, बरोबर असणे’. संस्कृतात त्याचाच भाऊ आहे ‘सच्’ हा धातू. अर्थ तोच, बरोबर असणे. या धातूपासून झाला ‘सचिव’. सचिव म्हणजे मुळात सोबती. राजाच्या सोबत असणारा म्हणून पुढे मंत्री. आणि आपला ‘सखा’ हा शब्दही याच कुळातला. म्हणजे सोसायटी, सचिव आणि सखा ही एकाच घरची तीन भावंडं. एक रोमला गेलं, दोन इथेच राहिली आणि हजारो वर्षांनी आपल्या नोटीसबोर्डावर त्यातली दोघं पुन्हा भेटली: सोसायटीचा सचिव!

आपण मात्र सचिव हा ‘सेक्रेटरी’चा मराठी अनुवाद समजतो. सेक्रेटरी शब्दाचं कूळ अगदी उलटं आहे. तो आला ‘सिक्रेट’वरून. सेक्रेटरी म्हणजे गुपितं सांभाळणारा. आणि सिक्रेटच्या मुळाशी आहे ‘वेगळं काढून ठेवणे’. एकाचं मूळ बरोबर असण्यात, दुसऱ्याचं वेगळं ठेवण्यात. गेल्या पंचवीस वर्षांत आपल्याला दोन्ही प्रकारचे लाभले, नावं कशाला घ्या!

शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतही एक सचिव होते. त्यांना आधी सुरनीस म्हणत, कागदपत्रं तपासणं हे त्यांचं काम. राज्याभिषेकाच्या वेळी फारसी पदनामं बदलून संस्कृत दिली तेव्हा सुरनिसाचा सचिव झाला. भोरचं संस्थान पंतसचिवांचं, ते याच पदावरून. म्हणजे कागदपत्रं सांभाळणाऱ्याला ‘सोबती’ म्हणण्याची आपली रीत साडेतीनशे वर्षांची आहे. सचिवांनी हे वाचून छाती फुगवायला हरकत नाही, मात्र ताळेबंद वेळेवर द्यावा.

लॅटिन आणि संस्कृत यांचं हे नातं जगापुढे मांडलं तेसुद्धा एका सोसायटीत. कलकत्त्याला 1784 मध्ये विल्यम जोन्स या न्यायाधीशाने एशियाटिक सोसायटी काढली. 1786 च्या आपल्या भाषणात त्याने सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांतलं साम्य योगायोगाचं नाही, त्या एकाच मुळातून फुटल्या असाव्यात. अशी नातीगोती ओळखणारे त्याच्या आधीही काही झाले, पण अभ्यासाला दिशा त्या भाषणाने मिळाली.

मुंबईतही इंग्रजांबरोबर सोसायट्या आल्या. 1804 मध्ये लिटररी सोसायटी निघाली, आजची टाउन हॉलमधली एशियाटिक ती हीच. मग शाळा आणि शालेय पुस्तकांसाठी नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी आली. मराठी वृत्तपत्राचे जनक बाळशास्त्री जांभेकर ऐन तारुण्यात तिचे नेटिव्ह सेक्रेटरी होते. मराठी माणसाची या शब्दाशी ओळख झाली ती अशी, कर्जातून नव्हे आणि घरातूनही नव्हे, तर शाळेतून.

पण मराठीत याला म्हणायचं काय? इथे आपल्या लोकांची बरीच धांदल उडालेली दिसते. 1848 मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. तिच्या मराठी शाखेचं नाव ठेवलं उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. म्हणजे सोसायटीची झाली ‘सभा’. 1889 मध्ये बडोद्याला विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी लोकांच्या बचतीतून एकमेकांना कर्ज देणारी संस्था काढली, सहकाराचा कायदा यायच्या पंधरा वर्षं आधी. तिचं नाव अन्योन्य सहाय्यकारी मंडळी. इथे झाली ‘मंडळी’. टिळक-आगरकरांच्या मंडळींनी 1884 मध्ये अनुवादाच्या भानगडीत न पडता सरळ डेक्कन एज्युकेशन सोसायटी म्हटलं. गोखल्यांची 1905 ची सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी मराठीत भारत सेवक समाज झाली. आणि आपल्या कुंभोजच्या भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण ‘संस्था’ काढली. एकाच शब्दाला चार नावं, आणि पाचवं म्हणजे खुद्द तो शब्द.

यातल्या ‘समाज’ शब्दाचा प्रवास तर सोसायटीपेक्षा मजेदार. समाज म्हणजे एकत्र आलेला जमाव. सम्राट अशोकाने आपल्या पहिल्याच शिलालेखात ‘समाज’ भरवायला बंदी केली! गिरनारच्या खडकावर आजही ते कोरलेलं आहे. त्या काळी समाज म्हणजे जत्रेसारखा मेळा: खाणं, पिणं, खेळ-तमाशे. राजाला त्यात दोष दिसत होते, काही चांगले समाजही असतात असंही तो पुढे म्हणतो. आपल्याकडच्या जुन्या वापरातही समाज म्हणजे जमलेली मंडळी, गोळा झालेली माणसं. एकोणिसाव्या शतकात तो एखाद्या ध्येयासाठी एकत्र आलेल्यांचा झाला. 1867 ला मुंबईत प्रार्थना समाज, 1873 ला पुण्यात जोतीराव फुल्यांचा सत्यशोधक समाज, 1875 ला मुंबईतच आर्य समाज. आणि मग इंग्रजी सोसायटीचा तो ‘सगळी माणसं’ वाला अर्थ येऊन या शब्दावर बसला. तेव्हापासून आपण ‘समाज काय म्हणेल’ म्हणायला लागलो. त्यापूर्वी ‘लोक काय म्हणतील’ म्हणत असू. घाबरत आधीपासूनच होतो, फक्त शब्द बदलला.

कोल्हापुरात 1911 मध्ये शाहू महाराजांच्या पाठिंब्याने सत्यशोधक समाज उभा राहिला, त्याचे अध्यक्ष होते भास्करराव जाधव. संस्थानात सहकारी चळवळीचा पाया घालण्यातही हेच भास्करराव पुढे होते. एकच माणूस समाजातही होता आणि सोसायटीतही. आपल्या भागात हे दोन शब्द तसे फार लांब गेलेच नाहीत.

आता आबांच्या सोसायटीकडं वळतो, कारण आपल्या सोसायटीचा कायदा तिच्याच पोटातून आला आहे.

1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांवर उठले. माणसं मारणं हा हेतू नव्हता, त्यांना कर्जरोखे जाळायचे होते. हे लोण आसपासच्या गावांत आणि नगर जिल्ह्यात पसरलं. सरकारने चौकशी केली, 1879 ला शेतकऱ्यांसाठी कायदा केला, पण कर्ज द्यायला सावकाराखेरीज कुणी नव्हतंच. मग मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याला युरोपात काय चाललंय ते बघायला पाठवलं. जर्मनीत रायफायझन नावाच्या एका महापौराने खेड्यांतून पतसंस्था काढल्या होत्या. निकल्सनने मोठा अहवाल लिहिला आणि त्याचं सार काय, तर तुमच्यातला रायफायझन शोधा. त्यानंतर 1904 मध्ये आला सहकारी पतसंस्थांचा कायदा. इंग्रजीत त्यात ‘सोसायटी’ शब्द होता. दुसऱ्याच वर्षी त्या वेळच्या मुंबई इलाख्यात, गदगजवळच्या कणगिनहाळ गावात, सिद्दनगौडा पाटलांच्या पुढाकाराने देशातल्या अशा अगदी सुरुवातीच्या सोसायट्यांपैकी एक सुरू झाली. कणगिनहाळ आपल्यापासून फार दूर नाही, आज कर्नाटकात आहे इतकंच.

या 1904 च्या कायद्यातल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. एक, सोसायटी काढायला किमान दहा माणसं लागत, आणि ती एकाच गावची, शहरातली किंवा एकाच जमातीची असावीत अशी अट होती. म्हणजे एकमेकांना ओळखणारी. दुसरी जास्त मोठी. खेड्यातल्या सोसायटीची जबाबदारी ‘अमर्यादित’ असे. एकाने कर्ज बुडवलं आणि सोसायटी अडचणीत आली, तर बाकीच्या प्रत्येकाच्या शेतापर्यंत, बैलापर्यंत हात पोचू शकत होता. हे वाचल्यावर मला आबांच्या हातातला तो पेढा आठवला. त्यांना ‘सोसायटी’ या शब्दाची धास्ती वाटली ती उगाच नाही. जुन्या माणसांच्या कानात ती अमर्यादित जबाबदारी कुठेतरी शिल्लक होती.

हा कायदा फक्त कर्जापुरता होता. 1912 मध्ये तो बदलला. दुकान, दूध, घरं, सगळ्यासाठी सोसायटी काढता यायला लागली. मर्यादित जबाबदारी असलेल्या सोसायटीने नावाच्या शेवटी ‘लिमिटेड’ लावायचं हेही ठरलं. तेच आपल्या पाटीवरचं ‘मर्यादित’. या कायद्यानंतर तीनच वर्षांनी, 1915 मध्ये, मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी झाली. श्रीपाद सुब्राव तालमकी हे त्यामागचे गृहस्थ. कारवारकडून नोकरीसाठी मुंबईला आलेल्या आपल्या ज्ञातीच्या मंडळींना भाड्याच्या खोल्यांतून बाहेर काढून एकत्र घरं द्यायची, ही कल्पना. आज मुंबईत आणि पुण्यात जिकडेतिकडे दिसणाऱ्या सोसायट्यांची ही आजी. पुढे 1925 ला मुंबई इलाख्याचा आणि 1960 ला महाराष्ट्राचा स्वतंत्र सहकारी संस्था कायदा झाला. आपली नोंदणी या 1960 च्या कायद्याखालची, आणि आबांच्या विकास सोसायटीचीही त्याच कायद्याखालची. तेव्हा आबांचा प्रश्न बरोबरच होता. दोन्हीला एकच नाव आहे, कारण दोन्ही एकाच आईची लेकरं आहेत.

आपल्या शिरोळ तालुक्यात तर या लेकरांचं गोकुळ आहे. आणि लोकांनी प्रत्येकाला वेगळं हाक मारायचं नाव ठेवलंय. कायद्याने सगळ्या सहकारी संस्थाच. पण कर्ज देते ती ‘सोसायटी’, दूध घालायचं ती ‘डेअरी’, नदीचं पाणी उचलून देते ती ‘इरिगेशन’, ऊस नेतो तो ‘कारखाना’. शहरात सोसायटी म्हटलं की घर, गावात सोसायटी म्हटलं की पीककर्ज नाहीतर युरिया. शहरातून आलेल्या सुनेने ‘आमच्या सोसायटीत गणपती बसतो’ म्हटल्यावर सासूबाईंना कर्जाच्या ऑफिसात गणपती दिसला असेल.

सोसायटीच्या अवतीभवतीचे शब्दही बघण्यासारखे आहेत. ‘शेअर’ हा शब्द मुळात कापण्यावरून आला, कापलेला तुकडा म्हणजे शेअर. आपल्याकडं कर्ज देताना सोसायटी ‘शेअर कापून घेते’ म्हणतात, ते किती मुळाला धरून आहे बघा. ‘मेंबर’ म्हणजे लॅटिनमध्ये शरीराचा अवयव. हात, पाय, बोट. त्याला आपण म्हणतो सभासद, सभेत बसणारा. दोन कल्पनांत फरक आहे. सभेत बसणारा उठून जाऊ शकतो, पाय उठून जाऊ शकत नाही. ‘असोसिएट मेंबर’ यातही तोच सोसियस लपलेला आहे, शब्दशः सोबतीला जोडलेला. आपल्याकडं बहुतेक घरांत त्या आपल्या वहिनी. आणि ‘सहकार’ या शब्दाचा संस्कृतात एक अर्थ आहे सुगंधी आंबा! कालिदासाच्या शाकुंतलात वेलीने आपणहून सहकार वृक्षाला वरलं आहे असा प्रसंग आहे. सहकार खात्यातल्या कुणी हे वाचलं असेल की नाही देव जाणे.

आमचे जुने कमिटी मेंबर एक कोटी नेहमी करत: सोसायची ती सोसायटी. व्युत्पत्ती म्हणून साफ चूक. पण 2019 नंतर मी ती ऐकून हसायचं बंद केलं.

2019 चा ऑगस्ट आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. पुराचं आपल्याला अप्रूप नाही. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर राहतो आपण. पाणी देवळात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणद्वारातून बाहेर पडतं तेव्हा आपण त्याला सोहळा म्हणतो आणि स्नानाला धावतो. 2005 ला पाणी आपल्या पायऱ्यांना टेकून परत गेलं होतं. 2019 ला ते परत गेलं नाही. तळमजल्याच्या आठही घरांत छातीभर चढलं. आपण काही जण जयसिंगपुरात नातेवाइकांकडं, काही छावणीत, काही वरच्या मजल्यावर अडकलेले, बोटीची वाट बघत. पाणी ओसरल्यावर गाळ, वास, फुगलेली दारं, मेलेली जनावरं. ते इथे पुन्हा लिहीत नाही.

सप्टेंबरअखेर वार्षिक सभा घ्यावी लागते. तशी ती आपल्या दुसऱ्या मजल्याच्या गच्चीच्या जिन्यात झाली, कारण बसायला कोरडी जागा तेवढीच. मी तेव्हा खजिनदार होतो. पंप गेलेला, मीटरचा बोर्ड गेलेला, कंपाउंडची भिंत पडलेली. ही कामं सोसायटीच्या निधीतून करायची यावर वाद नव्हता. मग तळमजल्यावरच्या एका वहिनींनी विचारलं, आतल्या वायरिंगचं आणि दारांचं काय? वीस दिवसांत त्यांचा आवाज बसला होता.

उत्तर मी दिलं. पोटनियमांची पुस्तिका माझ्या हातातच होती. सदनिकेच्या आतली दुरुस्ती ज्याची त्याने करायची, असं त्यात स्पष्ट आहे. मी तो नियम वाचून दाखवला, क्रमांकासकट. वरच्या मजल्यावरच्या एकाने भर घातली, “पाटीवर काय लिहिलंय? मर्यादित! सोसायटीची जबाबदारी मर्यादित आहे.” कायद्यात ‘मर्यादित’चा अर्थ तसा होत नाही. तो शब्द सभासदाने सोसायटीच्या देण्यापायी किती भरायचं त्याबद्दल आहे, सोसायटीने सभासदाला किती धरायचं त्याबद्दल नाही. मला हे माहीत होतं. मी बोललो नाही. बोललो असतो तर पुढचा प्रश्न माझ्याकडंच आला असता.

वहिनी म्हणाल्या, “पाणी काय पोटनियम बघून चढलं होय सर?”

कुणी काही बोललं नाही. इतिवृत्तात हे वाक्य नाही. इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चा झाली’ असं आहे.

त्या रात्री आपले सचिव माझ्याकडं आले. तेव्हाही हेच होते. म्हणाले, निधीतून देता येत नाही हे खरं, लेखापरीक्षणात अडकेल. पण निधीच्या बाहेर कुणी कुणाला द्यायला कायद्याची आडकाठी नाही. मी एक दोनशे पानी वही काढली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं वर-खाली फिरलो. कुणी पाचशे दिले, कुणी पाच हजार, एका घराने पैसे नाहीत म्हणून आठ दिवस तळमजल्यावरच्या दोन घरांचं जेवण पाठवलं, तेही मी वहीत लिहिलंय. दोन घरांनी दार लावून घेतलं, ते लिहिलेलं नाही. मर्यादित म्हणणाऱ्या गृहस्थांनी स्वतः वायरमन आणून चार घरांचं वायरिंग करून दिलं आणि पैशाचा विषय काढू दिला नाही. माणूस कळत नाही म्हणतात ते असं.

सगळं गोड झालं असंही नाही. जमलेली रक्कम आठ घरांत वाटली तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला दाराची किंमतही पुरती आली नाही. एका कुटुंबाने ती घेतलीच नाही. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, तेव्हा त्यांनी घर विकलं आणि जयसिंगपूरला गेले. ते मागच्या वर्षी मला औदुंबराच्या पारावर भेटले. बोलणं चांगलं झालं, पण सोसायटीत या म्हटल्यावर नुसते हसले.

कॅप्टन कुक नावाचा दर्यावर्दी 1769 मध्ये दक्षिण समुद्रात गेला होता. तिथे त्याला बेटांचा एक पुंजका दिसला. त्याचं नाव त्याने सोसायटी बेटं असं ठेवलं. त्याला पाठवण्यात लंडनच्या रॉयल सोसायटीचा हात होता, म्हणून तिच्या मानार्थ हे नाव दिलं असं पुष्कळांना वाटतं. पण त्याने स्वतःच्या रोजनिशीत कारण लिहून ठेवलंय: ती एकमेकांना लागून आहेत म्हणून. मधे पाणी, पण शेजारी शेजारी. 2019 च्या ऑगस्टात वरच्या मजल्याच्या खिडकीतून बघितलेल्या आपल्या दोन इमारती मला हे वाचताना दिसल्या.

आबांना आज सांगायचं तर एवढंच सांगेन की सोसायटी म्हंजे सोबत, आबा, आणि तुमच्या भीतीतही काही खोटं नव्हतं. ते विचारतील, मग तुझी कुठली, तुझ्यावर किती उचललंय? त्याचा हिशेब त्या वहीत आहे. ती सहा वर्षं माझ्या कपाटात पडून आहे. सोसायटीच्या दप्तरात तिला जागा नाही, जावक क्रमांक नाही, लेखापरीक्षकाने ती कधी मागितली नाही. या लेखाबरोबर ती मी सचिवांकडं देतोय. कुठे ठेवायची ते त्यांनी ठरवावं.